कबड्डी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: १८ खालची मुलं-मुली, पालक, प्रशिक्षक सगळे एकत्र. नियम कसे बसवायचे?

मंडळ_सचिव

तालुक्याच्या गावातलं नोंदणीकृत कबड्डी मंडळ आहे. किशोर, किशोरी, कुमार, कुमारी आणि खुला पुरुष गट. १८ वर्षांखालचे साधारण ६० खेळाडू, त्यात एक तृतीयांशाहून जास्त मुली. सगळ्यांचा मिळून एकच ग्रुप आहे: खेळाडू, पालक, दोन प्रशिक्षक, खुल्या गटाची पोरं, जुने खेळाडू, देणगीदार आणि दोन-तीन पुढारी. सकाळी सुप्रभात, दुपारी राजकारण, आणि त्यातच कुठेतरी 'उद्या सराव ५.३०'.

येत्या सभेत कार्यकारिणीपुढे ठराव मांडायचा आहे. नुसतं 'काळजी घ्यावी' असं नको, अंमलात आणता येईल असं हवं. अडलेले मुद्दे:

– ग्रुप कसे पाडावेत?
– प्रशिक्षकाने मुला-मुलींना वैयक्तिक मेसेज करावा की नाही?
– स्पर्धेच्या नोंदणीसाठी जन्मदाखले आणि आधार कार्डं ग्रुपवरच येतात. ते कसं थांबवावं?
– फोटो, रील आणि सामन्यांचं यूट्यूब लाइव्ह.
– काही वावगं आढळलं तर मंडळाने नेमकं काय करायचं, आणि काय करायचं नाही?

जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

पीटीचा_तास

सचिव साहेब, सुरुवातीलाच एक गाठ सोडवून घ्या. खेळातला वयोगट वेगळा आणि कायद्यातलं 'बालक' वेगळं. कुमार गट २० वर्षांपर्यंत चालतो. कायद्याने १८ पूर्ण होईपर्यंत बालक. म्हणजे तुमच्या कुमार संघातच १९ वर्षांचा प्रौढ आणि १६ वर्षांचा मुलगा एकत्र असतात. नियम १८ च्या रेषेवर बांधा, वयोगटाच्या नाही. नाहीतर 'तो कुमार गटातलाच आहे' म्हणून १९ चा खेळाडू १५ च्या मुलीच्या इनबॉक्समध्ये असतो आणि कोणालाच खटकत नाही.

आता ग्रुपची मांडणी. व्हॉट्सअ‍ॅपची 'कम्युनिटी' करा. त्यात घोषणांचा एक ग्रुप आपोआप तयार होतो. तिथे फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात, आणि ज्यांच्याकडे एकमेकांचे नंबर आधीच नाहीत अशा सदस्यांना ते दिसत नाहीत. सरावाची वेळ, स्पर्धेची तारीख, गाडी किती वाजता सुटणार, हे सगळं तिथे. १८ खालच्या प्रत्येक खेळाडूचा किमान एक पालक त्यात हवाच.

त्याखाली संघवार उपग्रुप. लक्षात ठेवा, उपग्रुपमध्ये नंबर दिसतात. म्हणून तिथे त्या संघाचे खेळाडू, त्यांचे पालक, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक एवढेच. कुमार-कुमारी उपग्रुपमध्ये १८ च्या वरचे खेळाडू असतील तर पालक असण्याचं महत्त्व आणखी वाढतं. १३ खालच्या मुलांना ग्रुपमध्ये घेऊच नका, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या अटींतही किमान वय १३ आहे. त्यांचे फक्त पालक घ्या. प्रत्येक उपग्रुपला दोन प्रौढ अ‍ॅडमिन, मुलींच्या ग्रुपला त्यातली एक बाई हवी. देणगीदार, जुने खेळाडू, पुढारी यांचा 'हितचिंतक' ग्रुप वेगळा काढा. तिथे निकाल आणि अहवाल टाका, ते खूश राहतात.

संघनिवडीची चर्चा प्रशिक्षक आणि कार्यकारिणीच्या वेगळ्या ग्रुपमध्ये. 'अमक्याची पकड ढिली आहे, त्याला बसवा' हे पालकांसमोर गेलं की त्या मुलाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

सेटिंग्ज, एकदाच बसून करा:

नवीन सदस्य फक्त अ‍ॅडमिनने घ्यायचा आणि 'मंजुरी' चालू ठेवायची. निमंत्रणाची लिंक पोस्टरवर छापू नका. छापली असेल तर ती रद्द करून नवी काढा. ग्रुपची सेटिंग्ज बदलण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवा. हे बहुतेक जण विसरतात. तो अधिकार सगळ्यांना असला की कोणीही सदस्य 'आपोआप नाहीसे होणारे मेसेज' चालू करू शकतो, आणि पुढे तक्रार आली तर दाखवायला काहीच उरत नाही. मुलांच्या ग्रुपमध्ये ती सोय बंदच हवी.

मंडळाचा स्वतंत्र नंबर घ्या. साधा फोन, मंडळाच्या नावावर सिम, सचिवाकडे. त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सहा आकडी पिन ठेवा, पिन दोन पदाधिकाऱ्यांना माहीत असावा. 'लिंक्ड डिव्हाइसेस' महिन्यातून एकदा उघडून पाहा. व्हॉट्सअ‍ॅप वेब एखाद्या सायबर कॅफेत किंवा शाळेच्या संगणकावर उघडंच राहिलेलं असतं. कम्युनिटीचा मालक हाच नंबर ठेवला की प्रशिक्षक बदलले तरी ग्रुप त्यांच्याबरोबर जात नाहीत. जो प्रशिक्षक किंवा खेळाडू मंडळ सोडतो त्याला त्याच दिवशी काढायचं. राग म्हणून नाही, पद्धत म्हणून. आणि हे ठरावातच लिहा, म्हणजे काढणाऱ्यावर बोट येत नाही.

वेळ: सकाळी ६ ते रात्री ८.३०. त्यानंतर फक्त रद्द झालेला सराव किंवा प्रवासातली अडचण.

एक गोष्ट जी नियमावल्यांत सहसा नसते ती मी मुद्दाम सांगतो: वजन. वजन तपासणीच्या आधी प्रशिक्षक मुलींची वजनं यादी करून ग्रुपवर टाकतात, पुढे 'दीड किलो जास्त, भात बंद' आणि हसरा चेहरा. परिणाम असा की मुलगी दोन दिवस पाणी तोडते, वजन भरते आणि दुसऱ्या चढाईत चक्कर येऊन पडते. वजन, दुखापत, आजार, फी थकलेली, परीक्षेतले गुण, यातलं काहीही ग्रुपवर येता कामा नये. ज्याचं त्याला, पालकासकट.

---

बोनस_लाइन

पीटी सर, मांडणी चोख आहे, पण 'वैयक्तिक मेसेज नाहीच' असा ठराव झाला तर तो आठवडाभरात मोडतो. प्रशिक्षकाच्या बाजूने अडचणी मांडतो.

१५ वर्षांची मुलगी पाळीमुळे सरावाला येणार नसेल तर ती २५ जणांच्या ग्रुपमध्ये कारण लिहील का? नाही. ती काहीच कळवणार नाही आणि आपण तिला बेशिस्त ठरवू.

घरी मार खाणारा मुलगा प्रशिक्षकाला सांगायला येतो, आणि आपण म्हणतो 'थांब, वडिलांना जोडतो'. तो पुन्हा कधी तोंड उघडेल?

आणि सगळ्यात मोठं: खूप घरांत 'पालकांचा नंबर' हा पोराच्याच हातातला फोन असतो. आई मोलमजुरीला, वडील गाडीवर. आपण समजतो पालक ग्रुपमध्ये आहेत. निळी टिक दिसते, पण वाचतो तो मुलगाच. मग ती पारदर्शकता कसली?

---

लेकीची_आई_न्यूजर्सी

बोनस लाइन, तुमचे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत, आणि त्यांना उत्तरं आहेत. अमेरिकेत ऑलिंपिक खेळांच्या संघटनांना, खेळातला छळ रोखण्यासाठी असलेल्या सेफस्पोर्ट केंद्राचे नियम बंधनकारक आहेत. तिथे मेसेजवर बंदी नाही. संवाद उघडा आणि पारदर्शक हवा, एवढंच. प्रौढाने अल्पवयीन खेळाडूला लिहिताना पालक, घरातला दुसरा प्रौढ किंवा संस्थेतला दुसरा प्रौढ जोडायचा. खेळाडूने आधी एकट्याने मेसेज केला तरी उत्तर देताना दुसऱ्या प्रौढाला जोडायचं. तातडीच्या प्रसंगासारखे मोजकेच अपवाद. संपूर्ण संघाला मेसेज असेल तरी दुसरा प्रौढ त्यात हवाच.

तुम्ही सांगितलेल्या, घरी मार खाणाऱ्या मुलाचं उत्तर त्या 'किंवा'त आहे. दुसरा प्रौढ वडीलच असला पाहिजे असं नाही. मंडळाने एक स्त्री आणि एक पुरुष असे दोन 'बालसुरक्षा प्रतिनिधी' नेमावेत, प्रशिक्षक नसलेले. शक्यतो कार्यकारिणीतल्या कोणाचे नातलगही नकोत. मूल प्रशिक्षकाकडे आलं की त्रिकुट ग्रुप: मूल, प्रशिक्षक, प्रतिनिधी. खेळाडूचं नाव आणि गट एवढंच ग्रुपचं नाव ठेवा.

पाळीचं उत्तर आणखी सोपं. हजेरीसाठी पोल टाका, पर्याय दोनच: 'येणार', 'नाही'. कारण ग्रुपमध्ये विचारायचंच नाही. ज्या मुलीला सांगावंसं वाटेल ती संघाच्या व्यवस्थापक ताईंना सांगेल, आणि ताई प्रशिक्षकाला फक्त 'आज हलका सराव' एवढं कळवतील.

फोन पोराच्या हातात असतो, यावर पर्याय नंबर बदलण्याचा नाही, पडताळण्याचा आहे. प्रवेशाच्या वेळी पालकाला समोर बसवून त्यांच्यासमोरच त्या नंबरवर फोन लावा. दुसरा एखादा नंबर घ्या: मामा, आत्या, शेजारच्या काकू, कोणीही प्रौढ. स्मार्टफोन नसलेल्या घरांना सरावाचं वेळापत्रक कागदावर द्या आणि बदल साध्या कॉलने कळवा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ पासून कायद्यानेच क्रीडा प्रशिक्षकाला 'विश्वासाच्या पदावरची व्यक्ती' मानलं आहे: १६-१७ च्या खेळाडूची 'संमती' होती हा बचाव प्रशिक्षकाला मिळत नाही. भारतात १८ खालच्यांच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच येत नाही, पण ऑनलाइन जवळीक सुरू कुठून होते ते बघायला तिथली मार्गदर्शनं उपयोगी पडतात: इन्स्टाग्रामवरचा फॉलो. प्रशिक्षकाने अल्पवयीन खेळाडूला स्वतःच्या खाजगी खात्यावरून फॉलो करायचं नाही, खेळाडूची विनंती स्वीकारायची नाही. मंडळाचं पान आहे ना, तिथे भेटा.

---

बोनस_लाइन

'किंवा'वाला मार्ग पटतो. त्रिकुट ग्रुप ठीक. फक्त एक भर: कॉलही मेसेजच धरा. प्रशिक्षक लिहीत नाहीत, फोन करतात. आणि 'घरी व्यायाम कसा करतेस ते व्हिडिओ कॉलवर दाखव' हे पूर्ण बंद. तंत्र तपासायचं असेल तर सगळ्या संघाचा एकत्र कॉल, दुसरा प्रौढ हजर.

---

कलम_आणि_कागद

कायद्याची बाजू नीट मांडतो, कारण 'प्रकरण आपसात मिटवा' इथे मंडळं अडकतात.

पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा. कलम ११ मध्ये लैंगिक छळाच्या व्याख्येत लैंगिक हेतूने मुलाचा वारंवार पाठलाग, त्याच्यावर पाळत किंवा त्याच्याशी संपर्क येतो. थेट असो वा इलेक्ट्रॉनिक, डिजिटल माध्यमातून. कलम १२ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. स्पर्श झाला नाही म्हणून गुन्हा नाही, हा समज चुकीचा आहे.

कलम १९: गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची धास्ती वाटली तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक. पुरावा गोळा करून खात्री करा असं कायदा म्हणत नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कारवाई होत नाही. कलम २१: न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. सचिव आणि अध्यक्षांनी हे वाक्य दोनदा वाचावं. 'प्रशिक्षकाचा राजीनामा घेतला, विषय संपला' याने जबाबदारी संपत नाही.

कलम २३: माध्यमांतून मुलाची ओळख उघड करता येत नाही. नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर सगळं त्यात येतं. म्हणून तक्रार झाल्यावर 'आपल्या मंडळातल्या अमुक गावच्या मुलीबाबत' अशी सूचना स्टेटसला किंवा पानावर टाकू नका.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब मुलांच्या अश्लील साहित्याबरोबरच मुलांना लैंगिक कृत्यासाठी ऑनलाइन नात्यात ओढण्यालाही लागतं. पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड.

अ‍ॅडमिनची जबाबदारी. सदस्याने काही टाकलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही. समान हेतू दाखवावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निकाल दिला आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तसंच म्हटलं. पण याचा अर्थ 'बघून सोडून द्या' असा काढू नका. कळवण्याची जबाबदारी पोक्सोखाली वेगळी आहे.

आता नेमकं काय करायचं. समजा आईने मुलीच्या फोनवर काहीतरी पाहिलं आणि प्रतिनिधीकडे आली.

मुलीला एकदाच ऐका. प्रश्न विचारून उलगडा करायला जाऊ नका, तिच्या शब्दांत दोन-तीन ओळी तारीख-वेळेसह लिहून ठेवा. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. पाळता येणार नाही. संशयिताला विचारायला जाऊ नका, अर्ध्या तासात तो चॅट पुसतो. त्याला मात्र त्याच दिवसापासून मुलांच्या ग्रुपमधून आणि मैदानावरून बाजूला ठेवा.

मजकुराचे संदेश असतील तर स्क्रीनशॉट घ्या, वरचा नंबर आणि तारीख दिसेल असे. जतन केलेलं नाव पुरत नाही, संपर्काच्या पानावर जाऊन नंबर दिसणारा एक वेगळा घ्या. इन्स्टाग्राम असेल तर वापरकर्ता नाव आणि प्रोफाइलची लिंक. हे सगळं झाल्यावरच रिपोर्ट आणि ब्लॉक, कारण तो करताना चॅट पुसण्याचाही पर्याय समोर येतो आणि घाईत बोट तिथेच पडतं.

पण मुलाचा नग्न किंवा लैंगिक फोटो-व्हिडिओ असेल तर स्क्रीनशॉट नाही, फॉरवर्ड नाही, 'पुरावा म्हणून' अध्यक्षांना पाठवणं तर अजिबात नाही. तो फोन आहे तसा पोलिसांकडे. असं साहित्य साठवणं हा पोक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात हे कलम कडक अर्थानेच वाचलं आहे. चांगल्या हेतूने फॉरवर्ड करणारा माणूसही नवीन अडचण ओढवून घेतो, आणि मुलीचा फोटो आणखी पाच फोनांत जातो.

कुठे कळवायचं: स्थानिक पोलीस, तातडी असेल तर ११२. चाइल्डलाइन १०९८, चोवीस तास. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर बालकांसंबंधी तक्रार नाव न देताही करता येते. फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे: फोटो कुठेही चढवावा लागत नाही, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळवून फोटो अडवतात. पोलीस जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या ठिकाणी घेतात, शक्यतो महिला अधिकारी आणि गणवेशाशिवाय. पालकांना हे आधी सांगितलं की 'ठाण्यात खेचतील' ही भीती कमी होते.

एक ओळखायला शिका, मुलांनाही दाखवा. असल्या संवादाची चाल ठरलेली असते. आधी ग्रुपमध्ये जादा कौतुक. मग खाजगीत 'तू बाकीच्यांपेक्षा समजूतदार आहेस'. मग 'व्हॉट्सअ‍ॅप घरचे बघतात, इन्स्टावर ये'. मग 'हे आपल्यातच'. मग निमित्त काढून फोटो: 'जर्सीचं माप घ्यायचंय', 'मसल बिल्ड दाखव, ट्रायलला पाठवतो'. शेवटी धमकी: 'संघातून काढीन' किंवा 'फोटो ग्रुपवर टाकीन'. 'आपल्यातच' हा शब्द आला की मुलाने प्रतिनिधीला दाखवायचं, एवढं ज्याने समजून घेतलं त्याने अर्धी लढाई जिंकली. जर्सीचं माप टेपने घेतात, सरावाच्या ठिकाणी, सगळ्यांसमोर.

खोट्या ट्रायलची दुसरी जात पैशांची असते. 'प्रो कबड्डीच्या संघाच्या चाचणीसाठी निवड झाली, नोंदणी ४,९९९, आज रात्रीपर्यंत'. व्यक्तीच्या नावाचा यूपीआय आयडी, घाई, आणि खूप छान बनवलेलं लेटरहेड. जिल्हा संघटनेला विचारल्याशिवाय एक रुपया नाही. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत कळलं तर गोठवता येतात, सकाळी करू म्हणून थांबू नका. 'स्पर्धेचा कोड तुझ्या फोनवर आलाय, तो सांग' असा मेसेज संघातल्याच मित्राच्या नंबरवरून आला तरी द्यायचा नाही. तो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी कोड असतो आणि मित्राचं खातं आधीच गेलेलं असतं.

---

पीटीचा_तास

वकील साहेबांनी मोठ्यांचं लिहिलं, पोरांचं आपसातलं राहिलं. रोजचा त्रास तोच असतो. चढाईत पडलेल्या मुलाच्या चेहऱ्याचा स्टिकर बनतो आणि सहा महिने फिरतो. प्रतिस्पर्धी शाळेच्या कर्णधाराच्या नावाने खोटं खातं. पालकांशिवायचा 'खरा ग्रुप', ज्यात एकालाच मुद्दाम घेतलेलं नसतं.

यात दर वेळी पोलीस नकोत. टाकणाऱ्याने काढायचं, अ‍ॅडमिनने 'सर्वांसाठी हटवा' वापरून काढायचं, आणि दोन्ही घरच्या पालकांना प्रतिनिधीने त्याच दिवशी फोन करायचा. शिक्षा मैदानावरची द्या, पण अपमानाची नको: एक सामना राखीव, कारण लेखी. मात्र जात, धर्म, शरीर यांवरची टिंगल, किंवा कपडे बदलतानाचा फोटो आला की ते 'पोरकटपणा'च्या खात्यातून बाहेर, वरचीच प्रक्रिया.

---

थर्ड_अंपायर

फोटो आणि लाइव्हबद्दल, कारण हल्ली गावातल्या स्पर्धाही यूट्यूबवर लाइव्ह असतात.

संमतीपत्र प्रवेश अर्जाला जोडा, पण एकच 'मला मान्य आहे' नको. चार वेगळे रकाने: ग्रुपमधले फोटो, मंडळाचं इन्स्टाग्राम-फेसबुक, वर्तमानपत्र, यूट्यूब लाइव्ह. पालक एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणू शकतात, नंतर मागेही घेऊ शकतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ खालच्यांची माहिती हाताळताना पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत आणि अंमल टप्प्याटप्प्याने आहे. आत्ताच सवय लावलेली बरी.

पोस्ट करताना: चेहरा, पूर्ण नाव आणि शाळा या तिन्ही गोष्टी एकत्र द्यायच्या नाहीत. सर्वांत मोठी गळती म्हणजे वाढदिवसाचे बॅनर! फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव, कधी कधी शाळेचं बोधचिन्ह. एवढ्यावर कोणीही बनावट खातं उघडू शकतो. 'आमच्या बोनस क्वीनला शुभेच्छा' पुरेसं आहे, नाहीतर ग्रुपमध्येच.

कबड्डीत फोटो निवडणं अवघड असतं. पकडीतला चुकीच्या क्षणी गोठवलेला मुलींचा फोटो लगेच क्रॉप होऊन भलत्या पानांवर जातो. म्हणून दूरचा कोन, चढाईचं पूर्ण मैदान, करंडकासह उभा संघ. जवळून घेतलेले, जमिनीवर पडलेले, जर्सी वर गेलेले फोटो काढलेत तरी चढवू नका. लाइव्हचा थंबनेल तर दुसऱ्याच दिवशी तपासा, आयोजकांचा मुलगा सर्वांत जास्त क्लिक मिळवणारा कोन निवडतो.

दुसऱ्यांच्या स्पर्धेत जाताना आयोजकांना प्रवेशपत्राबरोबरच लेखी मागणी द्या: मुलींच्या आणि किशोर सामन्यांचं लाइव्ह चॅट बंद, टिप्पण्या बंद किंवा तपासून मगच प्रसिद्ध, निवेदकाने मुलींच्या दिसण्यावर बोलायचं नाही. यूट्यूबवर व्हिडिओ 'मुलांसाठी बनवलेला' असा ठरवला तर चॅट आणि टिप्पण्या आपोआप बंद होतात. पण ते प्रेक्षक लहान मुलं असलेल्या व्हिडिओंसाठी आहे, म्हणून साध्या सेटिंगमधूनच चॅट बंद करणं जास्त बरोबर. आपल्या पानावर इन्स्टाग्रामची शब्दगाळणी लावा आणि त्यात मराठीतले शब्द, रोमन लिपीतली त्यांची रूपंही, हाताने भरा. तयार यादी बहुधा पुरत नाही.

बाहेरगावी मुक्कामाचं ठिकाण आणि खोली चालू मुक्कामात पोस्ट करायची नाही. परत निघाल्यावर टाका. लाइव्ह लोकेशन गाडीत असलेल्या एकाच प्रौढाने पालकांच्या ग्रुपमध्ये, प्रवासापुरतं. कपडे बदलण्याच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीत फोनचा कॅमेरा बंद, हे खेळाडूंइतकंच प्रशिक्षकांनाही.

---

मंडळ_सचिव

खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. कागदपत्रांचं काय? आणि जुना ग्रुप सरळ डिलीट करू का? त्यात गेल्या तीन हंगामांची आधार कार्डं पडली आहेत.

---

कलम_आणि_कागद

कागदपत्रं यापुढे ग्रुपवर कधीच नाहीत. पालकांनी यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून घ्यायचं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. मंडळाच्या नंबरला थेट पाठवायचं किंवा झेरॉक्स हातात द्यायची. झेरॉक्सवर आडवं लिहायचं: 'फक्त अमुक स्पर्धेच्या नोंदणीसाठी', तारीख, सही. वयपडताळणीला मूळ पाहायचं असेल तर मैदानावर दाखवायचं आणि परत न्यायचं. नोंदणी झाली की मंडळाच्या फोनवरची प्रत पुसायची. ही जबाबदारी नावानिशी एकाला द्या.

जुना ग्रुप डिलीट करून काही साधत नाही. तुमच्या फोनवरून तो जाईल, बाकीच्यांच्या फोनवरचे फोटो राहतील. 'सर्वांसाठी हटवा'ची मुदत साधारण दोन दिवसांचीच असते, तीन हंगामांपूर्वीचं त्याने जात नाही. क्रम असा ठेवा:

आधी नवी कम्युनिटी उभी करून पालकांना तिकडे घ्या. मग जुन्या ग्रुपमध्ये मेसेज फक्त अ‍ॅडमिनपुरते करा आणि एकच सूचना टाका, कृतीसकट: सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज, त्यात हा ग्रुप उघडा, फोटो आणि कागदपत्रं निवडून पुसा. मग गॅलरीतला व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर बघा, आणि गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल तर तिथूनही काढा, कचरापेटीसह. हे तिसरं ठिकाण जवळजवळ कोणीच तपासत नाही. सूचनेला आठवड्याची मुदत द्या आणि 'पुसलं' असा अंगठा मागवा.

त्यानंतर १८ खालचे सगळे खेळाडू काढा, मग त्यांचे पालक. उरलेला ग्रुप हितचिंतकांचा होऊ द्या, नाव बदला. काहींनी पुसलं नसणारच. म्हणून ज्यांची पूर्ण आधार कार्डं ग्रुपवर गेली आहेत त्या पालकांना वेगळं कळवा की यूआयडीएआयच्या अ‍ॅपवरून मुलाच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. नोंदवलेला मोबाइल नंबर चालू असला पाहिजे, तो बंद असेल तर आधी बदलून घ्यावा लागतो.